मंकुतिम्माचा जटका

१९४३ या एकाच वर्षी बंगळुराला दोन गोष्टी मिळाल्या आणि दोन्ही टिकल्या. बसवनगुडीतल्या गांधी बझारात 'विद्यार्थी भवन' सुरू झालं; तिथल्या मसाला डोशासाठी आजही रविवारी सकाळी माणसं बाहेर ताटकळत उभी असतात. आणि त्याच बसवनगुडीतल्या ५६ वर्षांच्या एका पत्रकार-लेखकाचं 'मंकुतिम्मन कग्ग' प्रसिद्ध झालं. चार ओळींची एक, अशा ९४५ चौपद्या. लेखकाचं पूर्ण नाव देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा; कर्नाटकात लहानथोर सगळे त्यांना डीव्हीजी म्हणतात. मंकुतिम्मा म्हणजे मंद डोक्याचा तिम्मा, कग्ग म्हणजे त्याची न उलगडणारी बडबड. नावात एवढी नम्रता, आणि आत मात्र संसार कसा करावा, काम कसं करावं, हसावं कसं आणि वेळ आली की निघावं कसं, याचा अखंड विचार.

नोकरीसाठी बंगळुरात आलेल्या मराठी माणसाला कग्ग पुस्तकाच्या दुकानात भेटत नाही. ऑफिसात कोणी निवृत्त होतं तेव्हा निरोपाच्या भाषणात एखादी चौपदी येते. कोणाच्या घरी भिंतीवर ती लावलेली दिसते, कोणाच्या आजोबांच्या तोंडी असते. कन्नड मित्राला अर्थ विचारला, की तो आधी चालीवर म्हणून दाखवतो आणि मग सांगायला लागतो. सांगता सांगता अडखळतो. कारण भाषेला जुन्या कन्नडचा पीळ आहे. रोज कन्नड बोलणारालाही काही शब्द उकलून घ्यावे लागतात. तरीही म्हणताना कोणी अडखळत नाही. अर्थ कळायच्या आधी ओळी जिभेवर बसलेल्या असतात, आणि अर्थ मग आयुष्यभर थोडा थोडा हाती लागतो. मला वाटतं, कग्ग वाचायची खरी रीतही हीच असावी.

यातले विचार नवे नाहीत, आणि डीव्हीजींनी तसा दावा कधी केला नाही. ग्रंथांतून आणि अनुभवातून जे सापडलं ते आपल्याच मनाला समजावण्यासाठी वळून ठेवलं, असं ते कग्गमध्येच सांगतात. उपनिषदं आहेत, गीता आहे. उमर खय्यामही आहे, कारण त्याच्या रुबाया कग्गच्या आधीच त्यांनी 'उमरन ओसगे' या नावाने कन्नडमध्ये आणल्या होत्या. पुस्तकाचा आरंभ देवाला वंदनाने होतो, पण ते वंदन चमत्कारिक आहे. विष्णू, विश्वाचं मूळ, परब्रह्म अशी नावं घेत घेत कवी शेवटी थांबतो ते एका 'विचित्रा'पाशी. डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि तरी लोकांनी प्रेमाने मानलेल्या त्या विलक्षण गोष्टीला तो शरण जातो. पुढच्याच चौपद्यांत प्रश्नांची सरबत्ती सुरू होते: जगण्याला अर्थ काय, जगाला अर्थ काय, दोघांचा एकमेकांशी संबंध काय. श्रद्धेच्या दारातून आत शिरावं आणि पहिल्याच खोलीत शंका बसलेल्या असाव्यात, असा हा प्रवेश आहे. म्हणून पुढे येणारा उपदेश पचतो. ज्याने स्वतः विचारलेलं आहे तोच सांगतो आहे, हे आपल्याला आधीच कळलेलं असतं.

पण कग्गचं मला सर्वांत मोठं वाटणारं सौंदर्य बांधणीत आहे. कन्नड छंदात आदिप्रास नावाची जुनी शिस्त आहे. मराठीत आपण यमक ओळीच्या शेवटी शोधतो. कन्नड कवी ते आरंभी ठेवतो. चारही ओळींतलं दुसरं अक्षर एकच हवं. ओळ उघडते तिथेच नाद पकडला जातो आणि शेवट मोकळा राहतो. पुष्कळांच्या हाती हा प्रास नुसता नियम पाळल्यापुरता उरतो. डीव्हीजींच्या हाती तो एखाद्या बारीक टाक्यासारखा आहे: वरून दिसत नाही, पण चारही ओळींचा जड अर्थ त्यानेच धरून ठेवलेला असतो.

माणसाच्या हव्यासांची एक चौपदी घ्या. तिच्यात चढती भाजणी आहे. आधी भूक, तिच्यावर सोन्याची ओढ, तिच्यावर स्त्री-पुरुषांमधली ओढ, आणि सगळ्यांच्या वर लोकांनी आपल्याला मानावं ही तहान. ओळींच्या तोंडाशी जे शब्द येतात ते असे: अन्न, चिन्न, मन्नणे, तिन्नु. चिन्न म्हणजे सोनं, मन्नणे म्हणजे मानसन्मान, तिन्नु म्हणजे खाणं. चारही ठिकाणी तोच 'न्न'. पहिल्या ओळीत खाणारा माणूस आहे. चौथ्या ओळीत मानाची तहान त्याच्या आत्म्यालाच खाते आहे. सुरुवात जेवणाने, शेवटही जेवणानेच, फक्त ताटात आता आपण. मधल्या पायऱ्या कधी चढलो ते त्या एका जोडाक्षराच्या ठेक्यात कळतसुद्धा नाही, आणि खऱ्या आयुष्यातही ते कळत नाहीच. पगारवाढीची पत्रं हातात पडतात त्या दिवशी कोणत्याही ऑफिसात पाहावं. पत्रातल्या आकड्याने घर नीट चालणार असतं. तरी शेजारच्या टेबलावरच्याला बढती मिळाली म्हणून रात्रीची झोप उडते. डीव्हीजींनी त्या झोप उडण्याचं नेमकं नाव सांगितलं आहे, आणि ते सांगताना आवाज चढवलेला नाही.

कग्गमधली सर्वांत लोकप्रिय चौपदी जटक्याची. जटका म्हणजे दक्षिणेकडचा टांगा. कमानदार छत, खाली गवताची बैठक, प्रवासी दाटीवाटीने पाय मुडपून बसलेले. चित्र असं आहे: जगणं हा जटका, नियती त्याची साहेब, आणि घोडा तू. साहेब सांगेल ते प्रवासी बसणार. लग्नघरी जायचं की मसणवटीत, ते तो ठरवणार, घोड्याने धावायचं. आणि पाय घसरलाच, तर खाली जमीन आहे.

आता या चित्राच्या जरा जवळ जाऊ. आपल्या परंपरेत रथाचं एक थोर रूपक आहे. कठोपनिषदात आत्मा हा रथात बसलेला स्वामी, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. गीतेत तर सारथी साक्षात श्रीकृष्ण. डीव्हीजी या दोन्ही ग्रंथांत मुरलेले होते. गीतेवरच्या त्यांच्या ग्रंथालाच १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते रूपक समोर असताना त्यांनी रथाचा जटका केला, आणि स्वामीच्या जागी बसलेल्या माणसाला उठवून जुवाखाली उभं केलं. उपनिषदात इंद्रियं घोडे आहेत. इथे 'तू'च घोडा आहेस. ही बढती नव्हे. तरी वाचताना अपमान वाटत नाही. उलट, खांद्यावरचं काहीतरी उतरतं. कुठे जायचं याची फिकीर घोड्याकडे नाही. त्याच्याकडे आहे ते धावणं.

नियतीला त्यांनी 'साहेब' का म्हटलं असेल? जुन्या बंगळुरात जटका हाकणारे बरेचसे मुसलमान असत आणि लोक त्यांना साहेब म्हणत. म्हणजे नियती ही सिंहासनावर बसलेली देवता उरली नाही. ती बाजारपेठेच्या नाक्यावर गिऱ्हाईक शोधणारी, चाबूक बाळगणारी, सकाळपासून चार खेपा मारलेली, पोट असलेली व्यक्ती झाली. तिच्याशी भांडता येईल, भाव करता येईल, निदान तिच्याकडे बघून हसता तरी येईल. डीव्हीजींना हे जग दुरून ठाऊक नव्हतं. कोलार जिल्ह्यातल्या मुळबागलात १८८७ साली जन्मलेला हा मुलगा मॅट्रिकला नापास झाला, कोलारच्या सोन्याच्या खाणींजवळ सोड्याच्या कारखान्यात राबला, आणि बंगळुरात आल्यावर काही काळ जटक्यांना रंग देण्याच्या कारखान्यात कामाला होता. पुढे चाळिशी-पन्नाशीत जगण्याला उपमा हवी झाली तेव्हा हाताने रंगवलेलं तेच वाहन समोर आलं.

आणि इथला आदिप्रास पाहा. बदुकु, कुदुरे, मदुवे, पद. जगणं, घोडा, लग्न, पाय. चारही शब्दांत दुसरं अक्षर 'द'. एरवी या चौघांना एका माळेत कोण ओवेल? लय साधारण पाच-पाच मात्रांच्या गटांची, म्हणताना मान आपोआप डोलायला लागते. पहिल्या तीन ओळी भरधाव जातात. चौथी आखूड आहे. पाय घसरतो तिथे ओळही थांबते.

शेवटच्या त्या जमिनीचा अर्थ दोन्हीकडे लागतो. पडलास तरी धरायला जमीन आहे, भिऊ नकोस, हा एक. आणि शेवटी जायचं जमिनीतच आहे, हा दुसरा. कन्नड रसिक यातला एकच धरून बसत नाहीत, आणि ते बरोबर आहे. आजारी माणसाला पहिला अर्थ आधार देतो. ज्याचं कोणी गेलं आहे त्याला दुसरा. एकाच वाक्यात दोघांची सोय करणं ही थोर कवीची खूण.

'प्रवासी' हा शब्दही सहज ओलांडू नये. कोण बसणार ते घोडा ठरवत नाही. आईवडील, भावंडं, मुलं, वरिष्ठ, शेजारी, यांपैकी फार थोडी माणसं आपण निवडलेली असतात. काही मध्येच चढतात, काही सांगून न सांगून उतरतात. वजन कमीजास्त होत राहतं. जटका रिकामा झाला म्हणून घोड्याला आनंद होत असेल असं मला वाटत नाही. घरातली मुलं शिकायला परगावी गेली की आईबापांची चाल कशी होते ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

जटक्यानंतर लगेच वाचावी अशी चौपदी कामाची. तिच्यात चार आज्ञा आहेत. समोर आलेलं काम लहान न मानता मन लावून करणं. वाट्याला आलेलं प्रसादासारखं, कुरकुर न करता खाणं. परमार्थ न सोडता जगाचा भार उचलणं. आणि बोलावणं आलं की रडारड न करता निघणं. ओळींची पहिली पावलं अशी पडतात: इरुव, दोरेतुद, धरिसु, होरडु. असलेलं, मिळालेलं, पेल, निघ. दुसरं अक्षर चारही ठिकाणी 'र'. असण्यापासून निघण्यापर्यंतचं सबंध आयुष्य एका 'र'वर उभं आहे. यातला 'लहान न मानता' हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. काम मोठं आहे असं डीव्हीजी म्हणत नाहीत. झाडणारा देवाचंच अंगण झाडतो, असली फुलोऱ्याची भाषा ते करत नाहीत. अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला. तिथे काम आणि देव एकजीव झाले. तिम्माच्या वाट्याला तसा साक्षात्कार नाही. त्याचं काम कामच राहतं. पत्र लिहायचं असेल तर पत्र, हिशेब तपासायचा असेल तर हिशेब. फक्त मन तिथे हवं. नोकरदार माणसाला हे जास्त जवळचं आहे, कारण साक्षात्काराची वाट पाहत बसायला त्याला सवड नसते.

मात्र याच चौपदीच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. हे शब्द वरच्याने खालच्याला ऐकवले की ते विष होतात. मिळेल ते गोड मानून घे, काम लहान म्हणू नकोस, हे मालकाने मजुराला, सासूने सुनेला, वरिष्ठाने नव्या मुलाला सांगितलं तर तो जुलूम झाला. आणि कग्गची रचना या जुलमाला मुळातच वाव देत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्या अभंगात शेवटी 'तुका म्हणे' येतं तेव्हा तुकोबा बोलणारे असतात आणि ऐकणारे आपण. कग्गमध्ये बहुतेक चौपद्या 'मंकुतिम्मा' या हाकेने संपतात. इथे नाव बोलणाराचं आहे आणि हाकही त्यालाच आहे. मंद डोक्याचा माणूस स्वतःलाच समजावतो आहे. ही जात समर्थांच्या मनाच्या श्लोकांची. तिथेही २०५ श्लोकांत मनाशीच बोलणं आहे. पण समर्थ मनाला शिस्त लावतात, कधी दटावतात. तिम्मा मनाच्या शेजारी ओसरीवर बसतो आणि म्हणतो, अरे वेड्या, असं बघ. त्यामुळे कग्गचा उपदेश फक्त एकाच माणसाला करता येतो, तो म्हणजे स्वतःला. दुसऱ्याच्या तोंडावर फेकला की त्यातलं 'मंकुतिम्मा' गळून पडतं आणि उरते नुसती आज्ञा.

डीव्हीजी स्वतः सोसून गप्प बसणाऱ्यांतले नव्हते, हेही या वाचनात धरायला हवं. १९१३ मध्ये त्यांनी 'कर्नाटक' हे इंग्रजी पत्र काढलं. म्हैसूरच्या विधान परिषदेत ते अनेक वर्षं होते. आणि मराठी वाचकाला आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्यांचे सार्वजनिक जीवनातले आदर्श गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांचं चरित्र त्यांनी कन्नडमध्ये लिहिलं, आणि १९४५ साली बसवनगुडीत जी संस्था उभी केली तिलाही नाव दिलं गोखले सार्वजनिक विचार संस्था. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा, पुण्यात भारत सेवक समाज स्थापणारा माणूस बंगळुरातल्या एका कवीच्या हाताने बुल टेंपल रोडवर आजही उभा आहे. सार्वजनिक कामाला अध्यात्माची बैठक हवी हा गोखल्यांचा आग्रह. डीव्हीजींनी तो घरापर्यंत आणि ऑफिसच्या टेबलापर्यंत नेला. १९७० मध्ये नागरिकांनी जाहीर सत्कार करून मोठी थैली दिली, ती त्यांनी याच संस्थेला देऊन टाकली. मानाच्या तहानेवरची ती चौपदी लिहिणाराने मान कसा हाताळला, याची ही नोंद.

घरावरच्या चौपदीकडे मी थोडा बिचकत येतो, कारण ती सुंदर आहे आणि तिच्याशी माझं थोडं भांडणही आहे. तिचा आशय असा की घर हाच मठ, नातलग हेच गुरू, त्यांची सततची सेवा हाच पाठ. बाकीच्या जगापर्यंत पोचवणारा पूल म्हणजे संसार. शेवटी येतं मनाला मिळणारं पुट. ही वैद्याची भाषा आहे. धातूचं भस्म करताना वैद्य त्याला गोवऱ्यांच्या आचेत घालतो, थंड होऊ देतो, पुन्हा घालतो. एकदाच मोठी आग लावून भागत नाही. मोजकी आच, पुन्हा पुन्हा. संसाराचं इतकं खरं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. घरातली धग क्वचितच वणव्याची असते. ती असते रोजची: डबा कोणी भरायचा, आजोबांना दवाखान्यात कोणी न्यायचं, टीव्हीचा आवाज किती ठेवायचा. त्या आचेत माणूस हळूहळू निर्मळ होतो, किंवा जळतो. डीव्हीजींचा विश्वास निर्मळ होण्यावर आहे. 'मठ' म्हणण्यातही खोच आहे. मठात गुरू आपण शोधून गाठतो. घरात गुरू आधीच येऊन बसलेले असतात, त्यांना आपण गुरू आहोत हे माहीतही नसतं, आणि त्यांतला एखादा तीन वर्षांचा असतो.

भांडण असं: सेवा हाच पाठ असेल तर तो सगळ्यांना सारखा आहे का? पुटाची आच एकाच व्यक्तीला लागत राहिली आणि बाकीचे शेकत बसले, असं आपल्याकडे घरोघर झालेलं आहे. बहिणाबाई चौधरी याच काळात खानदेशात संसाराची गाणी रचत होत्या. १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकात आली. बहिणाबाईंनी संसार चुलीपाशी बसून पाहिला. हाताला बसणारा चटका त्यांच्या ओळीत आहे. डीव्हीजींच्या चौपदीत आच आहे, चटका नाही. पत्नी तरुणपणीच गेल्यावर मुलांना वाढवण्याचा भार त्यांनी उचलला, म्हणजे घर त्यांना अनोळखी नव्हतं. तरी चौपदीतला आवाज विचारवंताचा आहे. मला ही दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. पुट का द्यायचं ते कन्नड कवी सांगतो. देताना बोटांचं काय होतं ते आसोद्याची माहेरवाशीण सांगते.

आता हसण्याची चौपदी. कग्ग गंभीर पुस्तक आहे असं समजून जे दूर राहतात त्यांनी आरंभ इथून करावा. कन्नडमध्ये 'नगु' म्हणजे हसणं. चार ओळींत हा धातू इतक्या रूपांनी येतो की चौपदीच हसायला लागते. 'न'मध्ये हसू दाबून धरलेलं आणि 'ग'मध्ये सुटलेलं. अर्थात तीन पायऱ्या आहेत. आपण हसणं हा सहजधर्म. दुसऱ्याला हसवणं हा परधर्म, म्हणजे परक्यासाठी केलेला धर्म. आणि तिसरी पायरी, जिला कवी अतिशय मोठा धर्म म्हणतो, ती म्हणजे दुसऱ्याचं हसणं ऐकून हसणं.

तिसरी सर्वांत वर का? मला याचं उत्तर घरातच सापडलं. आतल्या खोलीत दोन बहिणी बोलत असतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही. अचानक खळखळून हसू येतं, आणि बाहेर पेपर वाचणाऱ्या बापाच्या चेहऱ्यावरही हसू उमटतं. विनोद त्याला कळलेला नाही. त्यात त्याचा वाटा नाही. कदाचित विनोद त्याच्यावरच असेल. तरी तो हसतो. इथे स्वार्थ नाही, कर्तृत्व नाही. आपण कोणाला हसवलं हा अभिमानसुद्धा नाही. दुसऱ्याचा आनंद आहे एवढंच पुरेसं झालेलं आहे. ऑफिसातही हाच कस लागतो. पलीकडच्या टेबलावर हशा उसळला की आपल्या मनात पहिल्यांदा काय येतं? 'यांना कामं नाहीत का' येतं, 'माझ्याबद्दल तर नाही ना' येतं. निखळ हसू यायला बरंच काही सुटावं लागतं. डीव्हीजींनी ते सगळं सुटणं एका साध्या ओळीत बसवलं, आणि शेवटी म्हटलं की हा वर माग. हसत, हसवत जगणं कमवता येत नाही, मागावं लागतं. नियतीला जटकेवाला करणारा हा माणूस देवाकडे मागतो काय, तर हसू.

हा वर त्यांच्या घराला मिळाला होता असं मानायला जागा आहे. त्यांचे चिरंजीव बी. जी. एल. स्वामी हे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक. विद्यार्थ्यांना घेऊन रानोमाळ झाडं शोधत हिंडायचं, हे त्यांचं काम. त्या भटकंतीवरचं 'हसुरु होन्नु' हे पुस्तक कन्नडमधल्या विनोदी गद्याचा नमुना मानतात. त्याला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली चित्रंही त्यांनीच काढलेली. वर्गातली पोरं, लॅटिन नावांची दहशत, जेवणाची आबाळ आणि मध्येच एखाद्या झाडाचं अचूक शास्त्रीय वर्णन, असं सगळं एकत्र. वडिलांनी चौपदीत सांगितलेलं 'समोरचं काम मन लावून' मुलाने एक शब्दही उपदेशाचा न लिहिता करून दाखवलं, आणि हसत करून दाखवलं. काम आणि गंमत यांत भिंत नाही हे पटवून घ्यायचं असेल तर बापलेकांची ही दोन पुस्तकं एकामागून एक वाचावीत.

मराठीत कग्ग आणायचं म्हटलं तर काय हाती लागेल आणि काय निसटेल, याचा विचार मी बरेचदा करतो. आशय येईल, तो आपल्या ओवी-अभंगाच्या घराण्याचाच आहे. निसटेल तो आदिप्रास. 'न्न'ने माणसाचं ताट फिरवणं, 'र'ने असणं आणि निघणं बांधणं हे यमकाने साधणार नाही, कारण यमक ओळ संपल्यावर येतं आणि डीव्हीजींना नाद ओळ सुरू होतानाच हवा आहे. मराठीत वरचेवर न वापरलेली ही युक्ती एखाद्या तयारीच्या कवीने पेलून पाहावी. सगळ्या ९४५ चौपद्यांचा हट्ट धरू नये. तत्त्वज्ञानाच्या चर्चेच्या बऱ्याच चौपद्या मला स्वतःला कोरड्या वाटतात, आणि त्यांच्यासाठी गद्य पुरेसं आहे. जटका, हव्यास, काम, घर, हसू अशा पन्नासेक निवडाव्यात. 'मंकुतिम्मा' ही हाक मात्र जशीच्या तशी ठेवावी. तिच्याजागी मराठी नाव घालू नये. आणि भाषांतराला बसण्यापूर्वी बसवनगुडीत जाऊन कोणा जाणत्या कन्नड माणसाकडून त्या पन्नास चौपद्या मोठ्याने म्हणवून घ्याव्यात, निदान दोनदा. एकदा अर्थ न विचारता.